घर शाळेला न देण्याबाबत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, अविवाहित, मिशनच्या प्राथमिक शाळेतील निवृत्त संगीतशिक्षिका, माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. स्मरणशक्ती चांगली आहे, काही बाबतींत हवी त्यापेक्षा जास्तच चांगली आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ज्यांनी दडपण आणून पाहिले त्यांचा उल्लेख पुढे येईल. डाव्या कानाने कमी ऐकू येते. कानाचा आणि मृत्युपत्राचा काही संबंध नाही असे वकील म्हणतात. माझ्या मते आहे.

प्रभूचे बोलावणे सांगून येत नाही, आणि माझ्यामागे माझ्या वस्तूंवरून तंटा होऊ नये, म्हणून माझ्या स्वकष्टार्जित स्थावर-जंगम मिळकतीची व्यवस्था मी राजीखुशीने खालीलप्रमाणे लावत आहे. तंटा व्हावा इतके माझ्याकडे काही नाही, पण माझा भाऊ अजून हयात आहे.

१. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात हे घर शाळेला दिले होते आणि एकच अट घातली होती : प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक गाण्याचा तास असावा, तो जिवंत शिक्षकाने घ्यावा, आणि मुलांनी स्वतःच्या गळ्याने गावे. घर विकून येणाऱ्या रकमेतून त्या शिक्षकाचा पगार व्हावा अशी माझी इच्छा होती. सदरहू मृत्युपत्र मी आज रद्द करत आहे. शाळेला घर मिळणार नाही. कारण सहाव्या कलमात दिले आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी थेट तिकडे जावे, मात्र गाण्याच्या वर्गात अशी घाई करणाऱ्यांना मी परत पहिल्या ओळीपासून म्हणायला लावत असे.

२. बँकेतील ठेवीतून आधी माझ्या दफनाचा खर्च करावा. दातांच्या डॉक्टरांचे काही देणे राहिले असल्यास ते फेडावे. उरेल ते माझ्या पुतणीचे. उरेल ते फार नसेल, म्हणून त्यावर अधिक शाई घालवत नाही.

३. माझे धाकटे बंधू यांना भिंतीवरचे घड्याळ द्यावे. आमचे वडील सुतार होते. चर्चमधली बाके त्यांच्या हातची आहेत आणि त्यांवर बसून लोक अजून डुलक्या घेतात. वडील गेल्यावर त्यांचे दुकान, लाकूड, हत्यारे सगळे बंधूंनी आपल्या नावावर करून घेतले. मी विचारले तेव्हा म्हणाले, “तुला काय करायचंय गं दुकान? तुझ्यामागे आहे कोण?” त्या वेळी माझ्यामागे अख्खी दुसरी यत्ता होती, पण ती त्यांच्या हिशेबात बसत नव्हती. घड्याळावर तेव्हापासून त्यांचा डोळा आहे. ते बंद आहे. मी बंधूंना क्षमा केलेली आहे. पाळकसाहेबांसमक्ष केली असल्यामुळे ती मागे घेता येत नाही. मात्र केली तेव्हा फारशा खुशीने केली नव्हती, याची इथे नोंद असावी.

४. कपाटाखालच्या गोणीत खुळखुळे, लोखंडी त्रिकोण, दोन लहान ढोल आणि सूर देणारा काटा आहे. काटा टेबलावर आपटून कानाशी धरला की एकच सूर देतो, आणि बरोबर देतो. इतके मी फार थोड्या माणसांबद्दल म्हणू शकते. शाळेने ही गोणी भंगारात काढली होती. ती मी फाटकातून परत घरी आणली. लहान मूल असलेल्या कुठल्याही घरी ती द्यावी. मुलाच्या आईने दुसऱ्या दिवशी ती माळ्यावर टाकली तर माझा नाइलाज आहे.

याच कलमात आणखी एक गोष्ट लिहिते. ती मिळकत नव्हे, त्यामुळे कोणाला देता येत नाही, पण माझ्याजवळ जे होते ते एवढेच होते. मी शाळेत लागले तेव्हा तिथे अशी रीत होती की ज्या मुलाला सूर लागत नाही त्याला मागच्या रांगेत उभे करायचे आणि सांगायचे, “तू नुसते ओठ हलव.” पाहुणे आले की वर्ग एकसारखा दिसायचा आणि गोड ऐकू यायचा. सहा वर्षांच्या पोराला प्रार्थनेत खोटे तोंड करायला शिकवायचे, हे मला पटले नाही. पहिल्याच महिन्यात मी ती रीत मोडली. ज्याला सूर सापडला आहे तो खांब. ज्याला अजून सापडायचा आहे तो वेल. प्रत्येक वेलाच्या दोन्ही बाजूंना एकेक खांब उभा करायचा. वेलाने आधी कान द्यायचा, मग हळू म्हणायचे, चुकले तर चुकू द्यायचे, पण गप्प बसायचे नाही. बस्स, इतकेच. काही वेल चार आठवड्यांत खांब होत. काहींना चौथी उजाडे. काही वेल वेलच राहिले आणि तसेच मोठे होऊन चांगली माणसे झाले. वर्गाचा आवाज खरखरीत यायचा, कुठेतरी कोणीतरी घसरलेले असायचेच. मला तो आवाज आवडायचा. इतका की सुट्टीच्या दिवशी घरात बसवत नसे.

शेजारच्या खोलीत चित्रकलेचे मास्तर होते. मधली भिंत पातळ. एकदा मधल्या सुट्टीत म्हणाले, “बाई, तुमच्या वेलांपायी माझ्या पोरांच्या सरळ रेघा वाकड्या येतात.”

मी म्हटले, “मग त्यांना वेलच काढायला सांगा की.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच तिसरीच्या अख्ख्या वर्गाकडून वेल काढून घेतले आणि माझ्या खोलीच्या चारही भिंतींवर स्वतः स्टुलावर चढून चिकटवले. आमच्याबद्दल शाळेत जे बोलले जाई ते खरे नव्हते. खरे असते तर बरे झाले असते. हे आता लिहायला हरकत नाही, कारण मास्तर गेल्या वर्षी गेले.

५. पायपेटी. पायांनी भाता मारून वाजवायची ही उभी पेटी आमच्या थोरल्या बाईंची. त्या मुख्याध्यापिका होत्या आणि शाळा सोडताना ती मला देऊन गेल्या. म्हणाल्या, “हिच्यावर कोणाला एकट्याला बसू देऊ नकोस. पोरं भोवती उभी राहिली तरच हिचा आवाज निघतो.” ती कागदोपत्री माझी आहे, शाळेची नाही, हे या निमित्ताने पुन्हा स्पष्ट करते.

पेटी कोणाला द्यावी यावर मी बरेच महिने विचार केला आणि चार ठिकाणी शब्द टाकला. चर्चमध्ये आता विजेवर चालणारा कीबोर्ड आहे. पाळकसाहेब म्हणाले, जागा नाही. ते खोटे बोलत नाहीत, खरेच जागा नाही. पुतणी म्हणाली, “आत्या, ठेवू कुठे? आणि कशासाठी गं?” मुख्याध्यापकांना मात्र ती हवी होती. स्वतः घरी आले, पेटीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “काचेच्या कपाटात ठेवू, बाई. आत शिरल्याशिरल्या समोर दिसली पाहिजे. खाली तुमचं नाव, वर छोटासा दिवा.”

“वाजवणार कोण?”

“वाजवायची नाही हो! जुनी वस्तू आहे. हात लावू नये अशी पाटीच लावू.”

मी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला. हात लावू नये अशी पाटी ज्या पेटीवर लागेल ती माझी पेटी नव्हे.

मग पेट्या दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना बोलावले. त्यांना सगळे पेटीवाले म्हणतात. आमच्या पेटीचे पोट त्यांनी इतक्या वेळा उघडले आहे की तिला त्यांच्याइतके कोणी ओळखत नाही. त्यांनी तिला उघडून पाहिले आणि खाली बसूनच बोलले. “बाई, लपवत नाही. हिला गिऱ्हाईक नाही. आतले सूर काढून ठेवतो, चांगल्या धातूचे आहेत.”

“दुसऱ्या पेट्यांत बसवाल ना?”

“आल्या तर बसवीन की.”

“येतात का?”

ते भात्याचे कापड चाचपत राहिले. मग म्हणाले, “भाता अजून काय सुरेख आहे हो.”

तेव्हा पायपेटी पेटीवाल्यांना द्यावी. त्यांनी ती मोडावी, सूर काढून घ्यावेत आणि लाकूड जाळावे किंवा विकावे. माझ्यादेखत मोडू नये एवढीच अट आहे, आणि ती आपोआप पाळली जाईल.

६. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे धुण्याची मोरी. पश्चिमेची भिंत शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंशी सामाईक आहे आणि त्यांच्या यंत्राचा आवाज दिवसभर येतो. त्याची तक्रार नाही.

शाळेला घर का देत नाही, ते आता सांगते.

मी निवृत्त व्हायच्या वर्षी शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. मुख्याध्यापक तेव्हा नवे होते आणि सगळे नवे करायला निघाले होते. सकाळच्या प्रार्थनेच्या गीताचे रेकॉर्डिंग करायचे ठरले. माणसे आली, तारा पसरल्या, आणि मुख्याध्यापकांनी वर्गातून फक्त खांब वेचून घेतले. वेलांना चित्रकलेच्या मास्तरांच्या खोलीत नेऊन बसवले. मी हरकत घेतली. “बाई, हे कायम राहणार आहे, त्यात घोगरे आवाज नकोत,” असे उत्तर मिळाले. मी भांडले आणि हरले. मुली नव्या रिबिनी बांधून आल्या होत्या, त्यांना परत पाठवणे जिवावर आले, म्हणून पेटी वाजवली. गाणे अप्रतिम झाले. एकही सूर हलला नाही. शेवटी मुख्याध्यापकांचे “वा!” असे पुटपुटणेही त्यात आले आहे.

माझ्यानंतर माझी पुतणी त्या जागेवर लागली. तीही माझीच विद्यार्थिनी. पहिली दोन वर्षे वेल होती, आणि मग असा खांब झाली की तिच्या आधाराने अर्धा वर्ग उभा राहायचा. तिला ती जागा मिळाली त्या दिवशी मी देवाचे इतके आभार मानले की देवालाही ओशाळल्यासारखे झाले असेल. तिने काही वर्षे मनापासून शिकवले. मग दोन तुकड्यांची एक तुकडी झाली. गाण्याच्या तासाला गणिताचा जादा सराव घ्यावा असे वरून आले. एका हिवाळ्यात तिचा घसा बसला, तेव्हा प्रार्थनेला तात्पुरते ते रेकॉर्डिंग लावण्यात आले. तात्पुरत्याचे कायम कधी झाले ते कोणाच्या लक्षातही आले नाही. तिचे पद अजून संगीतशिक्षिकेचे आहे. ती गणित शिकवते आणि सकाळी कळ दाबते.

हे मला वर्षानुवर्षे ऐकून ठाऊक होते. मी असे धरून चालले होते की रेकॉर्डिंग लागते, त्याच्याबरोबर मुलेही गात असतील. रेकॉर्डिंग नुसते सोबतीला असेल असे वाटले, म्हणून अट घालून घर देऊ केले. एक जिवंत माणूस वर्गात उभा राहिला की बाकीचे मुले स्वतः करतील, असा माझा हिशेब होता. मुख्याध्यापकांना घराबद्दल कळले तेव्हा ते म्हणाले, “अट तेवढी काढा, बाई. समितीला अटी चालत नाहीत. त्या पैशातून संगणकांची खोली करू आणि दारावर तुमचं नाव घालू.” मी अट काढली नाही.

मग या वर्षी वर्धापनदिनाला त्यांनी मला पाहुणी म्हणून बोलावले. पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मुले मैदानात ओळीने उभी होती, केस पाणी लावून बसवलेले, हात बाजूला. पुतणीने कळ दाबली आणि गीत सुरू झाले. माझी पेटी, माझे खांब. त्यांतल्या एका मुलीला आता स्वतःची मुलगी आहे आणि ती पहिलीत, समोरच्याच ओळीत होती. हनुवटीवरून मी लगेच ओळखले. सगळी मुले तोंडे उघडत-मिटत होती. मला आवाज भरून आल्यासारखा वाटला. डावा कान साथ देत नाही, म्हणून मी उजवा कान पुढे केला.

दुसऱ्या कडव्यात वीज गेली.

स्पीकर थांबला आणि आवाज संपला. सगळाच संपला. मुलांचे ओठ मात्र ओळ पुरी होईपर्यंत हलत राहिले आणि मग सगळ्यांचे एकदम थांबले. मैदानात इतकी शांतता होती की झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती ती ऐकू आली. कोणाला काही वावगे वाटले नाही. शिक्षक घड्याळे पाहत होते. मुख्याध्यापक म्हणाले, “येईल आता. जागेवरच थांबा.” मी उठले. मला वाटले मुले बुजली असतील, कोणीतरी सुरुवात करून द्यायला हवी. मी सूर दिला आणि पहिली ओळ म्हटली. माझा आवाज आता चिरका झाला आहे, पण सूर बरोबर होता. मुलांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग आपल्या बाईंकडे, म्हणजे माझ्या पुतणीकडे पाहिले. पुतणीने मान खाली घातली. मागे कोणीतरी खुदकन हसले. मुख्याध्यापकांनी माझ्या कोपराला हात लावून म्हटले, “बसा बाई, दगदग करू नका.”

मी बसले. वीज आली. रेकॉर्डिंग तुटले होते तिथूनच, ओळीच्या मध्यातूनच पुढे सुरू झाले, आणि एकूण एक मुलाने त्याच शब्दावर ओठ लावले. एकही चुकले नाही. इतकी शिस्त मला कधी जमली नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर त्या पहिलीतल्या मुलीला मी जवळ बोलावले. “तुला हे गाणं येतं का गं?”

“येतं की.”

“म्हण बघू.”

तिने हात बाजूला घेतले, मान ताठ केली आणि पहिले कडवे म्हटले. म्हणजे ओठ हलवले. सगळे शब्द, नीट, ठायी ठायी श्वास घेऊन. आवाज नाही.

मी म्हटले, “बाळ, मोठ्याने म्हण ना.”

ती माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू या आजीला एवढेही कळत नाही. मग स्पीकरच्या खोक्याकडे बोट करून म्हणाली, “मोठ्याने आतली मुलं म्हणतात.”

ती खोडी करत नव्हती. तिला लाज वाटत नव्हती, भीती वाटत नव्हती. तिच्या समजुतीप्रमाणे गाणे म्हणजे हेच, आणि ते तिला उत्तम येत होते. मी तिला शाबासकी दिली. दुसरे काय करणार होते?

यावर कोणी म्हणेल की मग तर घर द्यायलाच हवे, आता शिक्षकाची गरज जास्त आहे. मीही आठ-दहा दिवस तसेच म्हणत होते. पण समिती अट मान्य करणार नाही. केली तरी कागदावर करील. शिक्षक नेमतील, त्याला गणित देतील, आणि तपासायला कोणी आलेच तर मुले मैदानात उभी राहून सुंदर गाताना दिसतील. माझ्या घराच्या विटा विकून एक मोठा स्पीकर येईल. तेव्हा शाळेवर मी पाणी सोडते. इथे अक्षर बिघडले आहे. ते वयामुळे नाही.

७. सदरहू घर, त्यातील भांडीकुंडी व फर्निचरसह, मी माझ्या पुतणीला देत आहे. ते पूर्णपणे तिचे. बंधूंचा म्हणजे तिच्या वडिलांचा त्यावर कसलाही हक्क नाही. तिने त्यात राहावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. अट नाही.

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली होती. तिनेच सुरुवात केली. “रागावलीस?”

“तुला ऐकू येत होतं का गं, की कोणी गात नाहीये?”

“रोज येतं,” ती म्हणाली. माझी भांडी पुसत होती. “सुरुवातीला ओरडायचे मी त्यांना, म्हणा म्हणा म्हणून. मग दिवसभर घसा राहायचा नाही. एवढाली पोरं एका वर्गात, आत्या. खांब कुठून आणू? एकालाही सूर ठाऊक नाही, मग कोणाला कोणाशेजारी उभं करू?”

 माझी सगळी पद्धत निदान एका मुलाला तरी गाता येते यावर उभी आहे. ते मूल बहुतेक वेळा घरून यायचे. कोणाची आई गाणारी, कोणाची आजी.

“तू उभी राहा त्यांच्याशेजारी,” मी म्हटले. “तू खांब.”

तिने ताटली फळीवर ठेवली. मग म्हणाली, “मी नाही गात गं आता. घरीसुद्धा नाही. पोरं लहान होती तेव्हासुद्धा त्यांना मोबाईलवर लावून द्यायचे. सवयच गेली. परवा मोरीत एकटी होते तेव्हा करून पाहिलं. सूर लागेना.”

माझे आईवडील गेले, थोरल्या बाई गेल्या, मास्तर गेले. त्यांतल्या कोणाच्या वेळी आत इतके रिकामे वाटले नव्हते. तिच्यावर माझा राग नाही. थोडा आहे. घर मात्र तिला सगळे देते आहे, कारण ती भाड्याच्या घरात राहते, दमते, आणि माझे म्हणून दुसरे कोणी नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

८. मुख्याध्यापकांना माझे श्रवणयंत्र द्यावे. चालू स्थितीत आहे. हे कलम वगळावे असे वकिलांनी दोनदा सुचवले. मी दोनदा नाही म्हटले.

९. दफन. माझे दफन आमच्या चर्चच्या कबरस्तानात साध्या शवपेटीत करावे. फुले नकोत असे नाही, पण कोणी आणली तर कागदाची नसावीत.

निवृत्त शिक्षक वारले की चौथीच्या वर्गाने कबरीपाशी जाऊन एक गीत म्हणायचे, ही शाळेची जुनी रीत. मी स्वतः कितीतरी मयतांना मुले घेऊन गेले आहे. मुलांना रडू येते, त्यामुळे तिथे सूर धरणे अवघड असते, आणि नेमके तेव्हाच ती सगळ्यांत चांगली गातात. मास्तरांच्या दफनाला शिपायाने बॅटरीवर चालणारा स्पीकर आणून कबरीच्या कडेला स्टुलावर ठेवला. कळ माझ्या पुतणीने दाबली आणि तेच सुवर्णमहोत्सवाचे रेकॉर्डिंग सुरू झाले. चौथीची मुले दोन ओळींत उभी राहून ओठ हलवत होती; ती सोबत गात आहेत असेच मी तेव्हा धरले होते. ज्या दिवशी ते गीत भरले गेले, त्या दिवशी मास्तर पलीकडच्या खोलीत माझ्या वेलांना घेऊन बसले होते. त्यांनी जपलेले एकही मूल त्या आवाजात नव्हते. शेवटी “वा!” आले. मास्तरांच्या बहिणीने माझा हात धरून म्हटले, “किती गोड गायली हो मुलं.” मी हो म्हटले. मयताच्या ठिकाणी आणखी काय म्हणावे?

माझ्या वेळी मुले आणि स्पीकर आणू नयेत असे मी आधी लिहिले होते. वकिलांनी मान हलवली. “बाई, मृत्युपत्रानं मिळकत देता येते. लोकांनी कबरीपाशी काय करायचं ते बांधून घेता येत नाही. विनंती म्हणून लिहा हवं तर.” पुतणीला विचारले तर ती म्हणाली, “हेडसर आणणारच, आत्या. तू काय उठून अडवणार आहेस?” बरोबर आहे. मुले येतील, स्पीकर येईल, मीच वाजवलेल्या पेटीच्या सुरांवर मला पुरतील, आणि वर वाहवाही करतील.

म्हणून ही विनंती मुख्याध्यापकांना नाही, पाळकसाहेबांना नाही आणि पुतणीलाही नाही. त्या वर्षी जी चौथीत असतील त्या मुलांना आहे. निघण्यापूर्वी वर्गात ती कोणीतरी वाचून दाखवावी. कोणी दाखवील असे मला वाटत नाही, पण लिहिते.

मुलांनो, मी तुमच्या शाळेत गाण्याची बाई होते. तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या तासाला कोणी कितीही बेसूर असला तरी मी त्याला कधी गप्प बस म्हटले नाही. तुम्हाला म्हणते आहे. तिथे गाणे सुरू झाले की तोंड मिटून उभे राहा.

येणेप्रमाणे लिहिलेला मजकूर मी स्वतः वाचून पाहिला. तो माझ्या मनासारखा नाही, पण माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. सबब दोन साक्षीदारांच्या समोर खाली सही करत आहे, आणि त्यांनी माझ्यासमोर केली आहे.

लिहून ठेवणार : (सही) निवृत्त संगीतशिक्षिका

साक्षीदार पहिले : (सही) दातांचे डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर असल्याचे मी प्रमाणित करतो. डोक्याच्या बाबतीत माझा अधिकार नाही, पण बोलणे स्वच्छ आहे.

साक्षीदार दुसऱ्या : (सही) शेजारीण, शिवणकाम करणारी

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : नऊ सप्टेंबर, सोमवार, सकाळची प्रार्थना सुटल्यानंतर